बाळांच्या लसींवर किती खर्च होतो, तो आकडा वेगळा दाखवा

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री आणि माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली
माननीय अर्थमंत्री आणि माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

देशातल्या बाळांच्या नियमित लसीकरणावर सरकारने गेल्या वर्षी नेमके किती रुपये खर्च केले? अर्थसंकल्पाच्या मुख्य तक्त्यांत हा आकडा सापडत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. लेखाशीर्ष, म्हणजे एका प्रकारच्या खर्चाचं हिशेबातलं ठरलेलं खातं, कुठे शोधायचं, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत तफावत का पडते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. तरी दर फेब्रुवारीत आरोग्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या उघडतो आणि याच जागी अडतो. प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, म्हणून पत्र उघड लिहितो आहे.

पूर्वी निदान नाव तरी दिसायचं. २०१९-२० च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली प्रजनन व बाल आरोग्याचा फ्लेक्झिबल पूल, म्हणजे गरजेप्रमाणे वळवता येणारा एकत्र निधी होता, आणि त्याच्या नावातच नियमित लसीकरण, पल्स पोलिओ, आयोडीन न्यूनता नियंत्रण अशी यादी असायची. आकडा तेव्हाही एकत्रच होता. पुढे तो पूल आरोग्य यंत्रणा बळकटीकरण, इतर राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि शहरी आरोग्य अभियान यांच्याबरोबर एका मोठ्या पुलात गेला. आता हजारो कोटींची एक रक्कम दिसते. तिच्यात क्षयरोग आहे, बाळंतपण आहे, शहरी दवाखाने आहेत आणि कुठेतरी लसही आहे. किराणा, विजेचं बिल आणि मुलांची फी एकाच रकमेत लिहिलेली घरखर्चाची वही बघून घरात मुलांच्या शिक्षणावर किती गेलं ते कुणाला सांगता येईल? तपशीलवार मागण्या धुंडाळल्या, संसदेतली उत्तरं चाळली की तुकडे हाती लागतात. ते तुकडे जोडत बसणं हे नागरिकाचं काम नव्हे.

वेगळा आकडा दाखवता येत नाही, असंही नाही. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात कोविड लसीकरणासाठी ३५,००० कोटी रुपयांची तरतूद भाषणातच जाहीर झाली. पुढच्या वर्षी त्याच कामासाठी ५,००० कोटी दाखवले गेले. २०२१ मध्ये काही महिने सरकार एक डोस १५० रुपयांना घेत होतं, हे पानटपरीवरच्या माणसालाही ठाऊक होतं. त्या आकड्यावर चर्चा झाली, टीका झाली, न्यायालयातही प्रश्न विचारले गेले, आणि त्यातून कामच सुधारलं. संकटात जे जमलं ते वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात का जमू नये?

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. दरवर्षी सुमारे २.६ कोटी नवजात बाळं त्यात येतात. एवढ्या मुलांपर्यंत लस पोचवणारी यंत्रणा जगात क्वचितच असेल, आणि मला तिचा अभिमान आहे. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी, म्हणजे निसर्गात पसरणाऱ्या विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, हे याच यंत्रणेचं श्रेय. म्हणूनच तिच्या हिशेबाबद्दल इतका आग्रह धरतो आहे.

आता इतर देशांकडे बघू. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: अमेरिका एका मुलामागे किती डॉलर मोजते आणि भारत किती रुपये, अशी सरळ तुलना चुकीची ठरेल. तिथे लसींच्या किमतीच अनेक पटींनी जास्त आहेत. आपण पुण्यात आणि हैदराबादेत बनलेली लस मोठ्या संख्येने, कमी दरात घेतो. त्यामुळे आपला दरडोई आकडा लहान निघाला तर त्यात कमीपणा नाही, उलट स्वस्तात चांगलं काम केल्याचा तो पुरावाही ठरू शकेल. पण त्यासाठी आधी आकडा हवा. तुलना रकमेची राहू द्या. हा पैसा कोण ठरवतं, तो दिसतो का, आणि एखाद्या वर्षी हात आखडता घेतला तर कुणाला कळतं का, एवढी तरी तुलना करू या.

अमेरिकेत १९८९ ते १९९१ या काळात गोवरची मोठी साथ आली, सुमारे ५५ हजार रुग्ण झाले. लस असूनही गरीब घरांतली मुलं राहून गेली होती. त्यानंतर १९९३ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून विमा नसलेल्या व गरीब मुलांना लस हा हक्क झाला. तिथली जवळपास निम्मी मुलं आज या योजनेत बसतात. पात्र मुलं वाढली की पैसा वाढतो, दर वर्षी नव्याने हात पसरावे लागत नाहीत. सरकार कोणती लस किती डॉलरला घेतं आणि बाजारात तीच कितीला मिळते, याची यादी त्यांची रोगनियंत्रण संस्था सर्वांसाठी खुली ठेवते. (२०२५ मध्ये त्याच देशात तीन दशकांतले सर्वाधिक गोवरचे रुग्ण सापडले. पैसा पुरला तरी लोकांचा विश्वास घसरला की काय होतं, ते तिथे दिसतं. आपल्याकडे तो विश्वास अजून टिकून आहे आणि तो जपायला हवा.)

ब्राझीलचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७३ चा. लसींची खरेदी आणि वितरण यांसाठी त्यांच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष आहे. मागच्या दशकात तिथे लसीकरणाचं प्रमाण घसरलं, २०१६ मध्ये मिळालेला गोवर निर्मूलनाचा दर्जा २०१९ मध्ये गेला आणि २०२४ मध्ये परत मिळाला. त्या पडत्या काळात पैशाचा मुद्दा किती आणि इतर कारणं किती, हे तिथले अभ्यासक सरकारी आकडे समोर ठेवून मांडू शकतात. आपल्याकडे हा वाद घालायला आकडेच नाहीत.

इंग्लंडमध्ये तज्ज्ञ समितीने खर्च आणि लाभ तपासून एखाद्या लसीची शिफारस केली की २००९ च्या नियमांनुसार ती राष्ट्रीय कार्यक्रमात आणणं मंत्र्यांवर बंधनकारक असतं.

श्रीमंत देशांची उदाहरणं दिली की आपल्याशी त्यांची बरोबरी कशी, असं विचारलं जातं. मग शेजारी बघू. नेपाळने २०१६ मध्ये लसीकरणाचा कायदा केला आणि त्यासोबत लसीकरण निधी उभारला. भूतानने गेल्या शतकाच्या अखेरीस आरोग्य विश्वस्त निधी स्थापन केला. त्या ठेवीच्या उत्पन्नातून लसी आणि आवश्यक औषधं घ्यायची, म्हणजे एखाद्या वर्षी तिजोरीत चणचण असली तरी बाळाचा डोस चुकायला नको. हे देश काही श्रीमंत नाहीत. त्यांनी पैशाला कुंपण घातलं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी सगळ्या देशांकडून एक संयुक्त अहवाल भरून घेतात. नियमित लसीकरणावर सरकारचा खर्च किती आणि त्यातला लसींवरचा किती, असे रकाने त्यात आहेत. जे संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयाला सांगायचं असतं ते नागपूरच्या करदात्याला आपल्याच अर्थसंकल्पात का वाचता येऊ नये?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार वर मांडलीच आहे, आकडा दिसत नाही. दुसरी त्यातूनच येते: आकडा नसल्यामुळे खालच्या टोकाला पैसा कुठे तुटतो ते कुणालाच दिसत नाही. मी पूर्व नागपुरात राहतो. कळमन्याच्या पलीकडे नव्या वसाहतींची बांधकामं चालू आहेत. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेली कुटुंबं तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. जवळच्या अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र असतं तेव्हा आमच्या भागातल्या आशाताई घरोघरी फिरून बाळंतिणींना बोलावून आणतात. निवृत्तीनंतर मी त्यांच्या याद्या नीट लावून देतो, म्हणून तिथे असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. सिस्टर निळ्या कॅरिअरमध्ये चार आईसपॅक घालून आणतात, झाकण उघडलं की पटकन लावतात, प्रत्येक कुपीवरचा, उष्णता लागली की रंग बदलणारा मॉनिटरचा चौकोन आधी नीट न्याहाळतात. पंखा असतो, वीज असेलच असं नाही.

अशाच एका सत्राला एक बाई नऊ महिने पूर्ण झालेलं बाळ घेऊन आली. गोवर-रुबेलाचा डोस द्यायचा होता. त्या दिवशी त्या लसीचं ते एकटंच बाळ. ही लस एकदा विरघळवली की चार तासांत, किंवा सत्र संपेल तेव्हा, उरलेली फेकावी लागते. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीची उघडलेली कुपी अठ्ठावीस दिवस चालते, हिचं तसं नाही. बाईला पुढच्या सत्राला यायला सांगितलं. मी विचारलं तेव्हा आशाताई हळूच म्हणाल्या, “काका, एका पोट्ट्यासाठी बाटली उघडली त बाकीचे डोस वाया जातात. मंग वरून इचारतात ना जी.” पुढच्या सत्रापर्यंत त्या साइटचं काम संपून कुटुंब निघून गेलं होतं. त्या बाळाला पुढे डोस मिळाला की नाही, हे सांगणारं आमच्याकडे कुणी नाही.

एका बाळासाठीही कुपी उघडायची, हीच केंद्राची सूचना आहे. मग वरून विचारणा का होते? वाया गेलेल्या डोसाचा हिशेब ठेवला जातो आणि हुकलेल्या बाळाचा ठेवला जात नाही, म्हणून. मी आयुष्यभर हिशेब तपासले आहेत. ज्या गोष्टीचा रकाना असतो तिलाच माणसं घाबरतात. सिस्टरला किंवा आशाताईंना दोष देण्यात काही अर्थ नाही.

आशाताईंच्या मोबदल्याचंही सांगतो. बाळाचं पहिल्या वर्षातलं लसीकरण पूर्ण झालं की केंद्राच्या दरानुसार त्यांना १०० रुपये मिळतात. दुसऱ्या वर्षाचे डोस पूर्ण झाले की ७५. जन्मवेळ, सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने, एवढ्या वेळा त्या बाळाच्या आईला आठवण करायची, ती गावाला गेली असेल तर परतल्यावर गाठायची, ताप आला म्हणून सासू चिडली तर तिची समजूत घालायची, आणि एकही टप्पा राहिला तर ते शंभर रुपयेही नाहीत. इतर देश एका मुलाच्या लसीकरणावर किती खर्च करतात याचे तक्ते करताना लस उचलून नेणाऱ्या माणसाची मजुरीही त्यात धरायची असते. आपल्या तक्त्यात ती कुठे धरली आहे, ते कृपया दाखवा.

तिसरी तक्रार महाराष्ट्र सरकारकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली मुलं देशात ७६.४ टक्के होती. ओडिशात ९०.५ टक्के. महाराष्ट्रात ७३.५ टक्के. देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचं राज्य म्हणवतो आपण, आणि देशाच्या सरासरीच्याही खाली आहोत. आधीच्या फेरीपेक्षा आपला आकडा बराच सुधारला, हे खरं. पण २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून गोवरची साथ सुरू झाली, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण निघाले, मुलं दगावली. लसी केंद्र पुरवतं, अभियानाचा बाकी खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. आपल्या वाट्याचे चाळीस पैसे लसीकरणाच्या कामावर वेळेत पोचले का? ओडिशाने काय वेगळं केलं? जिल्हावार आकडे समोर आले तर नागपूर, गडचिरोली आणि नाशिक यांची तुलना आम्हीच करू. त्यासाठी ब्राझीलपर्यंत जायला नको.

चौथी तक्रार घराघरांच्या खिशाची. माझ्या नातीला टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि फ्लू या लसी खासगी दवाखान्यात दिल्या. सगळं मिळून दहा-बारा हजारांच्या घरात गेलं. मला पेन्शन आहे, जमलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी ती फाइल बघून विचारलं, “हे सरकारी दवाखान्यात नाही देत का?” नाही देत. या चारही लसी सरकारने लगेच द्याव्यात असा माझा हट्ट नाही, कोणती आधी आणि कोणती नंतर हे तज्ज्ञांनी ठरवावं. पण टायफॉइडचं उदाहरण मनातून जात नाही. हैदराबादेत तयार झालेली टायफॉइडची संयुग्मित लस पाकिस्तानने २०१९ मध्ये, सिंध प्रांतापासून सुरुवात करून, मुलांच्या सरकारी कार्यक्रमात घेतली. राष्ट्रीय कार्यक्रमात ती घेणारा तो जगातला पहिला देश. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या नवी मुंबई महापालिकेने आपल्या मुलांसाठी हीच लस मोहीम म्हणून दिली होती. म्हणजे लस आपली, अनुभव आपला, आणि नागपूरच्या बांधकाम मजुराच्या पोराला ती हवी असेल तर आठवड्याच्या मजुरीतून पैसे मोजा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस घ्या. कोणती लस घ्यावी हे केंद्राला सुचवणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ मध्ये शिफारस केली, फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘प्रोत्साहन देऊ’ असं वाक्य आलं. पुण्यात बनलेली लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा एका डोसाची किंमत २,००० रुपये होती. भूतानने २०१० मध्येच आपल्या मुलींना ही लस द्यायला सुरुवात केली होती. शिफारस आणि प्रत्यक्ष डोस यांच्यामध्ये जी वर्षं जातात, त्यांची जबाबदारी आपल्याकडे कुणावरच नसते.

शेवटची गोष्ट परदेशी मदतीची. देशांना लसींसाठी मदत करणाऱ्या गॅव्ही या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ ते २०२६ साठी भारतासोबत २५ कोटी डॉलरची भागीदारी मंजूर केली. एकही डोस न मिळालेल्या मुलांपर्यंत पोचणं हे तिचं एक मोठं उद्दिष्ट. जागतिक अंदाजानुसार अशी मुलं भारतात २०२३ मध्ये १६ लाख होती, २०२४ मध्ये ती ९ लाखांवर आली. हे मोठं यश आहे आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण २०२५ मध्ये अमेरिकेने गॅव्हीची मदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. हा कालावधी संपल्यावर उरलेल्या नऊ लाखांचा खर्च कोणत्या शीर्षातून होणार?

माझ्या मागण्या अशा आहेत. केंद्राच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात नियमित लसीकरणाला स्वतंत्र शीर्ष द्या. त्याखाली लसखरेदी, शीतसाखळी व वाहतूक, मनुष्यबळ व आशांचा मोबदला आणि रोगसर्वेक्षण असे चार भाग ठेवा, आणि प्रत्येकाचा अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च छापा. एका बाळामागे किती खर्च झाला आणि शेजारच्या पाच-सहा देशांत किती होतो, याचा तक्ता दर वर्षी आर्थिक पाहणीत द्या, किमतींतल्या फरकाची टीप देऊन. सल्लागार गटाने एखादी लस सुचवली तर सहा महिन्यांत होकार किंवा नकार लेखी कळवा, खर्चाच्या अंदाजासह, कारणांसह. एका बाळासाठी कुपी उघडल्याने वाया गेलेले डोस कुणाच्याही कामगिरीतून वजा करणार नाही, असा आदेश तालुक्याच्या आणि झोनच्या पातळीपर्यंत पाठवा, आणि त्या वाया जाणाऱ्या डोसांची तरतूद आधीच धरा. आशांचा लसीकरणाचा मोबदला वाढवा आणि तो टप्प्याटप्प्याने द्या, म्हणजे कुटुंब नऊ महिन्यांआधी स्थलांतरित झालं तरी झालेल्या कामाचे पैसे बुडणार नाहीत. गॅव्हीची भागीदारी संपल्यानंतरची तरतूद आताच जाहीर करा.

यातल्या पहिल्या मागणीला एक रुपयाही जास्त लागत नाही. लेखाशीर्ष उघडायला महालेखापरीक्षकांशी पत्रव्यवहार करावा लागतो, काही महिने जातात, पण हे नेहमीचं काम आहे. मी ते जवळून पाहिलं आहे.

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, राज्याचा मार्चमध्ये. त्याआधी डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आमच्या नागपुरात भरतं. गेल्या पाच वर्षांचा जिल्हावार लसीकरण खर्च राज्य सरकारने त्या अधिवेशनात पटलावर ठेवावा आणि विदर्भातल्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, तो मागून घ्यावा. चार भागांच्या शीर्षाचा नमुना तक्ता मी तयार केला आहे. या पत्रासोबत तो आपल्या चारही कार्यालयांना टपालाने पाठवत आहे. त्यावर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
पूर्व नागपूर